कोडॅक बुडाली, फुजीफिल्म तरली. असं का झालं?

घरातल्या अल्बममधला एखादा जुना फोटो उलटा करून बघा. मागे पुसट अक्षरांत 'कोडॅक' किंवा 'फुजी' छापलेलं सापडू शकतं. दोघींचा मुख्य धंदा एकच, फोटोची फिल्म आणि कागद. डिजिटल कॅमेऱ्यानं दोघींनाही गाठलं. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जपानची फुजीफिल्म मात्र आज वैद्यकीय उपकरणांपासून चिप बनवायला लागणाऱ्या रसायनांपर्यंत बरंच काही विकते.

कोडॅकला धोका दिसलाच नाही का?

दिसला होता, तोही सगळ्यांच्या आधी. १९७५ मध्ये कोडॅकचेच इंजिनिअर स्टीव्ह सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. कोडॅकनं औषधांचा धंदाही करून पाहिला. १९८८ मध्ये ५.१ अब्ज डॉलर्स मोजून 'स्टर्लिंग ड्रग' घेतली. पण १९९४ मध्ये तो धंदा विकून कंपनी पुन्हा फोटोकडे वळली.

फुजीनं काय केलं?

२००० मध्ये शिगेताका कोमोरी फुजीचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास जगात कलर फिल्मची मागणी शिखरावर होती आणि फुजीचा जवळपास दोन-तृतीयांश नफा फोटोच्या धंद्यातून यायचा. पुढच्या १० वर्षांत मागणी दहा टक्क्यांच्याही खाली घसरली.

कोमोरींनी आधी कंपनीला काय काय येतं, याची मोजदाद करायला लावली. त्यातून हे हाती लागलं:

• फिल्ममध्ये कोलॅजेन असतं, तसंच ते त्वचेतही असतं. फोटोचे रंग उडू नयेत म्हणून फुजी अँटिऑक्सिडंट्सवर काम करत होती. त्यातूनच 'अ‍ॅस्टालिफ्ट' हे स्किनकेअर आलं.
• पातळ, पारदर्शक फिल्म बनवण्याचं कसब एलसीडी स्क्रीनसाठी कामी आलं.
• रसायनांचा अनुभव होताच. २००८ मध्ये फुजीनं 'तोयामा केमिकल' घेतली. कोविडच्या काळात आपल्याकडे गाजलेल्या फॅबिफ्लू गोळीतलं फॅविपिराविर हे औषध मूळचं तोयामाचंच.

याची किंमत कोणी मोजली?

कामगारांनी. २००६ मध्ये फुजीनं फोटो विभागातल्या सुमारे ५,००० नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. कंपनी वाचली, पण सगळ्यांची नोकरी वाचली नाही.

मग यातून कळतं काय?

भविष्याचा अंदाज दोघींनाही होता. फरक पडला तो जुना धंदा पैसे देत असतानाच नव्यावर खर्च करण्यात आणि मग तिथे टिकून राहण्यात. आता एखादी बडी कंपनी 'आम्ही एआयमध्ये उतरतोय' म्हणाली, की दोन गोष्टी तपासा. तिच्याकडचं कोणतं जुनं कसब तिथे उपयोगी पडणार आहे? आणि पहिली दोन-तीन वर्षं तोटा झाला, तरी ती थांबणार आहे का?