गाव सोडलेल्यांचं अर्थकारण (लेखांक चौथा) : धोट्याबरोबर वाढलेलं शहर

घरातली सोलापुरी चादर आज एकदा उलटून बघा. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी असेल, तर मागच्या बाजूला तीच नक्षी पांढऱ्या जमिनीवर लाल दिसेल. छपाई कुठेही नाही. दोन रंगांचं सूत विणतानाच आलटून पालटून खाली-वर जातं, म्हणून चादरीला उलटी बाजू अशी नसतेच. कोपऱ्याकडे पुष्कळदा एक नाव दिसतं, तेही सुतातच विणलेलं. 'पुलगम' हे त्यातलं घराघरांत पोचलेलं नाव. आपल्या आजोळच्या वळकटीत, वसतिगृहाच्या ट्रंकेत, लग्नाच्या आहेरात हे नाव इतकी वर्षं आहे की ते तेलुगू आडनाव आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मागच्या लेखांकात आपण उल्हासनगर पाहिलं. फाळणीत एका रात्रीत उखडलेले लोक, सरकारने दिलेली लष्करी छावणी आणि तिथून उभा राहिलेला बाजार. सोलापूरची गोष्ट वेगळी आहे. इथे छावणी नव्हती, पुनर्वसनाचं खातं नव्हतं, मदतीचा दाखला नव्हता. तेलंगणातले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर दोन-चार कुटुंबांनी येत राहिले, ते पिढ्यान् पिढ्या. आणि ते दुसऱ्या राज्यातून येत होते, हे विसरू नये. तेलंगण निजामाच्या अमलाखाली आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. राजा वेगळा, भाषा वेगळी, नाणंही वेगळं.

का आले? गावाकडे विणकराचं पोट भरेनासं झालं होतं, हे पहिलं कारण. गिरणीचं स्वस्त कापड खेड्यापर्यंत पोचलं होतं आणि तेलंगणात जमीनदारांची वेठबिगार होतीच. त्यात १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ आला. पण नुसत्या हलाखीने माणूस गाव सोडतो, विशिष्ट गावी जात नाही. सोलापूरच का, याचं उत्तर सोलापुरात आहे. १८६० च्या सुमारास मुंबईहून रेल्वे इथवर आली आणि १८७१ पर्यंत ती रायचूरला जाऊन मद्रासच्या लोहमार्गाला मिळाली. भोवती काळी कापसाची जमीन. १८७७ साली, म्हणजे ऐन दुष्काळात, इथे पहिली कापडगिरणी निघाली. सोलापूरकर तिला आजही 'जुनी मिल' म्हणतात. हातमागवाल्याला लागणारं सूत दाराशी आणि विणलेलं लुगडं पाठवायला आगगाडी, असा योग जुळला. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर इथे आधीपासून होते. त्यांच्यात हे नवे येऊन बसले.

'बसले' हा शब्द मी मुद्दाम वापरला. विणकराला माग मांडायला खड्डा लागतो. पाय खाली सोडून बसायचं आणि पावड्या दाबायच्या. ज्याच्याकडे खड्ड्यापुरतीही जागा नाही, तो दुसऱ्याच्या घरात माग चालवतो. शहराच्या पूर्व भागातले जुने कारखाने असेच होते. मालकाचं घर, त्याच छपराखाली आठ-दहा माग, आणि माग चालवणारी कुटुंबंही तिथेच राहायला. नवा आलेला माणूस गाववाल्याच्या नाहीतर सोयऱ्याच्या कारखान्यात उतरायचा. पहिली उचल मिळायची ती त्याच्याचकडून. ही उचल फेडता फेडता पुष्कळांचं आयुष्य गेलं, हे खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण याच वाटेने काहींनी स्वतःचे दोन माग घातले, मग चार घातले. अनोळखी मुलखात बँक दारात उभं करत नाही, तिथे नातं तारण म्हणून चालतं. स्थलांतरितांच्या उद्योगाचं हे सगळ्यात जुनं भांडवल आहे. सुताच्या व्यापाऱ्यानेही उधारी दिली, कारण हा माणूस बुडवून जाणार कुठे? त्याची सगळी जात-बिरादरी चार गल्ल्यांत होती.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. परका कारागीर आला की फक्त हात वाढतात असं आपण धरून चालतो. सोलापुरात हातांबरोबर रीतही बदलली. पूर्वी धोटा हाताने एका कडेकडून दुसऱ्या कडेला फेकावा लागे. धावता धोटा आला, दोरीला हिसका दिला की धोटा आपोआप पळू लागला आणि तेवढ्याच वेळात कापड कितीतरी जास्त निघू लागलं. पश्चिम भारतातल्या विणकरांचा इतिहास लिहिणारे डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांच्या लेखनातून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते : वडिलोपार्जित गावात बसलेल्या विणकरापेक्षा स्थलांतर केलेला विणकर नवं साधन लवकर उचलतो. मला याचं कारण सरळ दिसतं. गावच्या विणकराचं गिऱ्हाईक ठरलेलं, नक्षी ठरलेली, पंचांचे नियम ठरलेले. परगावी गेलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला बाजारच बघावा लागतो.

आणि त्याने बाजार बघितला, तोही आपला. तेलंगणातून आलेला माणूस नऊवारी लुगडं विणू लागला. ते त्याच्या घरातल्या बाईचं नेसणं नव्हतं. मराठी बाईला काठ किती रुंद हवा, पदरावर रेघा किती, हिरवा कुठला चालतो आणि कुठला नाही, हे सगळं त्याला शिकावं लागलं. दख्खनच्या खेड्यापाड्यांत जी रंगीत सुती लुगडी नेसली गेली, त्यातली कितीतरी सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या घरांत विणली होती. पणजीच्या जुन्या फोटोतलं लुगडं कोणी विणलं असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का?

नऊवारीचा काळ ओसरला, तेव्हा हेच लोक थांबले नाहीत. यंत्रमाग आले, त्यावर जकार्ड बसलं आणि लुगड्याच्या जागी चादर आली, मग टॉवेल आला. मध्यंतरी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी अर्धा दिवस घालवला. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी बांधलेला ताण्याचा दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे तो खालीच राहतो. मोराची मान, कमळाची पाकळी, कोपऱ्यातलं अक्षर, सगळं त्या भोकांत लिहिलेलं असतं. आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी खुणेनेच बोलायचं. एखादा दोरा तुटला की कामगार माग थांबवतो, दोन टोकं चिमटीत धरतो आणि गाठ मारतो. ती गाठ मी तीनदा बघितली, तरी मला बोटांची हालचाल कळली नाही. मालक साठीचे. मागवाल्याशी तेलुगूत, हिशेबनिसाशी कानडीत आणि माझ्याशी सोलापुरी मराठीत बोलत होते. त्यांचे आजोबा आले तेव्हा सोबत काय होतं, असं विचारलं. "काय असणार हो? फणी आणि धोटा. बाकी सगळं इथलंच आहे बघा," ते म्हणाले.

या सगळ्यात बाई कुठे होती? हातमागाच्या काळात ती कांड्या भरत होती, वहीफणीला हात लावत होती, पण मजुरी नवऱ्याच्या नावावर पडायची. विणकाम घरातून कारखान्यात गेलं, तेव्हा तिच्या हातून तेही गेलं. मग ती विडीकडे वळली. सोलापुरातले विडी कामगार मुख्यतः बायका आणि त्यात तेलुगूभाषक मोठ्या संख्येने आहेत. तेंदूचं पान भिजवायचं, मापाने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपायचं आणि दोरा गुंडाळायचा. असं हजार वेळा केलं की एक दिवसाची मजुरी. कारखान्यात विड्या मोजून देताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या 'छाट' विड्यांचे पैसे मिळत नाहीत. सुताच्या धंद्यात मंदी आली की या हजार विड्यांवर घर चालायचं. शहराच्या उत्पन्नाची गोष्ट सांगताना मालकांची नावं पुढे येतात. मंदीत ज्यांच्या मजुरीने ते शहर तगलं, त्या बायकांची नावं कुठल्याही चादरीवर विणलेली नाहीत.

त्यांनी स्वतः मात्र एक खूण उभी केली आहे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं आणि सोलापूरजवळ कुंभारीला दहा हजार घरं बांधली गेली. २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तिथेच तीस हजार घरांच्या रे नगरचं काम झालं आणि २०२४ च्या जानेवारीत पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. स्थलांतरित माणूस शहराला काय देतो, याचा हिशेब मांडताना ही घरंही धरली पाहिजेत. ती फक्त तेलुगू बायकांची नाहीत. रांगेत मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या होत्या.

वाचकांचा एक प्रश्न दर लेखांकानंतर येतो, आणि तो रास्त आहे. बाहेरचा आला तर इथल्याचं काम जात नाही का? कुणाचं तरी जातं. सोलापुरातल्या जुन्या विणकरांना नव्यांची स्पर्धा नक्कीच जाणवली असणार. पण शहरात कामाचा ठरावीक साठा असतो आणि तो वाटून घ्यायचा असतो, ही समजूतच चुकीची आहे. दूरचं एक उदाहरण घ्या. १९८० मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेत आली, त्यांतली बरीच मायामीत राहिली आणि तिथलं कामगारबळ एकदम सुमारे सात टक्क्यांनी वाढलं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये अभ्यास करून दाखवलं की तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर आणि बेकारीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे या निष्कर्षाला आव्हान दिलं आणि तो वाद अजून चालू आहे. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मायामीचं जे असेल ते असो, सोलापूरचं चित्र डोळ्यांसमोर आहे. एक माग चालला की रंगारी लागतो, ताणा करणारा लागतो, कांड्या भरणारी लागते, फणी आणि जकार्ड दुरुस्त करणारा लागतो, गाठोडी वाहणारा लागतो, खानावळ लागते. यातली किती कामं विणकरांच्या आधी सोलापुरात होती?

शहरानेही या लोकांना धरून ठेवलं, हेही तितकंच खरं. पद्मशाली समाजाने शिक्षणसंस्था काढली, कुचन प्रशालेतून पिढ्या शिकल्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा तो सगळ्या शहराचा सण असतो. गंगाधरपंत कुचन, धर्मण्णा सादूल, लिंगराज वल्याळ हे याच समाजातले सोलापूरकर लागोपाठ लोकसभेवर निवडून गेले. फणी आणि धोटा घेऊन आलेल्यांचे वंशज शहराच्या वतीने दिल्लीत बोलले.

आज या धंद्याचे दिवस बरे नाहीत. सोलापुरी चादरीला राज्यात अगदी सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पानिपतची हलकी चादर सोलापुरी म्हणून सर्रास विकली जाते. विजेचा दर, सुताचा भाव आणि तरुण मुलांची पाठ, तिन्ही बाजूंनी ओढ आहे. अक्कलकोट रोडच्या त्या मालकांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. माग चालवायला माणूस मिळत नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. काहीजण शालेय गणवेशाच्या शिलाईकडे वळले आहेत आणि त्यात चांगलं पाऊल पडतं आहे. म्हणजे लुगडं, चादर, टॉवेल आणि आता गणवेश. या लोकांनी बाजार बघणं अजून सोडलेलं नाही.

भिवंडीत आणि इचलकरंजीत आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार माग चालवतात. पाळी संपली की त्याच खोलीत दुसऱ्या पाळीचा माणूस झोपायला येतो. त्यांच्यातला कोण उद्या स्वतःचे दोन माग घालेल, हे आज सांगता येणार नाही. सोलापुरात ज्यांनी घातले, त्यांना माग मांडायला खड्डा मिळाला होता, उधारीवर सूत मिळालं होतं आणि मुलांना शाळा मिळाली होती. भिवंडी-इचलकरंजीतल्या या कामगारांना यातलं काय मिळतं आहे, ते कामगार खात्याने आणि महापालिकांनी एकदा जाऊन मोजावं.

सोलापूरच्या वाचकांना एक विनंती. जुनी मिल पडली, पूर्व भागातले वाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर वह्या रद्दीत जात आहेत. घरात सुताच्या उधारीची खातेवही असेल, जकार्डचे जुने पुठ्ठे असतील, विडीचं कार्ड असेल, तर टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कुठल्या गावाहून, कोणत्या साली आणि कुणाच्या भरवशावर आलो, एवढं एका कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या आठवड्यात मुंबईतले इराणी.