कुलपं अनेक, तिजोरी एक

तुमसर हे धान-तांदळाचं गाव. हंगामात राइस मिलसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि लक्ष्मीपूजनाला जुन्या पेढ्यांवरच्या तिजोऱ्यांना हळदकुंकू लागतं. पण या तालुक्याच्या जमिनीतलं एक द्रव्य तिजोरीच्या आत नाही, थेट तिच्या दारात जाऊन बसतं, हे पूजा करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसतं. ते म्हणजे मँगनीज. मॉइल या सरकारी खाण कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या दोन्ही खाणी तुमसर तालुक्यातल्या. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 साली पोलादात 12-13 टक्के मँगनीज मिसळून पाहिलं, तेव्हा त्याच्या हाती एक हट्टी धातू लागला. जितके घाव घालावेत तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. ड्रिलचं पातं त्यावर घासून घासून बोथट होतं. या पोलादाचे रेल्वेचे सांधे झाले, खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे झाले, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणं झाली, तुरुंगाचे गज झाले आणि तिजोऱ्याही झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथलं, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतातलं मँगनीज बोटींनी परदेशी जाऊ लागलं. काही वर्षं तर पहिल्या क्रमांकासाठी हिंदुस्थानची गाठ थेट रशियाशी होती.

दार कणखर असलं की चोराने लोखंडाशी झुंजण्याचं कारण उरत नाही. तो कुलपाकडे वळतो. कुलपांच्या या खेळात फ्रेंच कारागिरांचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान खोडसाळपणात तरी.

अलेक्झांद्र फिशे याने 1825 साली पॅरिसमध्ये कुलपांचं दुकान थाटलं. रीम्सजवळच्या बोश कंपनीचा जन्म 1864 चा, आणि तिची ख्याती आगीला दाद न देणाऱ्या पेट्यांची. पुढे 1967 मध्ये दोन्ही नावं एक होऊन फिशे-बोश झाली. पेट्या वेगवेगळ्या घराण्यांच्या असल्या तरी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच तिजोरीपुढे पहिल्यांदा उभा राहणारा माणूस बहुधा एकाच प्रश्नाने गोंधळतो : किल्ली घालायची कुठे? दार सपाट, त्यावर गोल माथ्यांचे खिळे रांगेत ठोकलेले. हे खिळे शोभेचे वाटतात, पण काही पेट्यांत त्यांतला एक खोटा असतो. तो अंगठ्याने बाजूला सरकवला की खालून किल्लीचं भोक दिसतं. दाराच्या मध्यावर पितळेची तीन किंवा चार बटणं, प्रत्येकाभोवती गोलाकार कोरलेली अक्षरं. ही बटणं मालकाने ठरवलेल्या अक्षरांवर आल्याशिवाय खरी किल्लीसुद्धा फिरत नाही. प्रत्येक बटणावर 25 अक्षरं धरली, तर चार बटणांच्या जुळण्या होतात 3,90,625. मोजत बसणाऱ्या चोराची सकाळ होते.

किल्ल्याही एका जातीच्या नसत. एकीची दांडी पोकळ, दुसरीला फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही अंगांना दात. तिसरी तर दिसायला किल्लीच वाटत नाही, तिला दात नसून टोकाला नुसत्या खाचा असतात. ही 'दाबायची' किल्ली. आधी आत ढकलायची, आतल्या पट्ट्या स्प्रिंगविरुद्ध आपापल्या उंचीवर बसल्या की मगच फिरवायची. हे तत्त्व मुळात लंडनच्या जोसेफ ब्रामाचं, 1784 चं. फ्रेंचांनी ते आपलंसं केलं. माहीत नसलेला माणूस ही किल्ली न दाबताच पिळत बसतो आणि कुलूप बिघडलं म्हणून जाहीर करतो. पुष्कळ पेट्यांना हँडल नसतंच. किल्लीच दोन पूर्ण फेऱ्यांत दाराचे जाड दांडे मागे ओढते. आत पुन्हा दागिन्यांचा छोटा कप्पा, त्याची किल्ली निराळी. जुडग्यात तीन-चार किल्ल्या दिसतात त्या एकमेकींच्या जोडकिल्ल्या असतीलच असं नाही, प्रत्येकीचं काम वेगळं असू शकतं. ही पहिली गोष्ट कळली नाही की पुढचं सगळं चुकत जातं.

ब्रामाच्या दुकानात एक कुलूप मांडलेलं असे, उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन ते उघडायला बसला. सोळा दिवसांत मिळून 51 तास खपला आणि त्याने ते उघडलं. चब या दुसऱ्या इंग्रज कुलूपकारांचं नावाजलेलं कुलूप त्याने त्याआधी पंचवीसेक मिनिटांत उघडलं होतं. मला या गोष्टीत 51 हा आकडा मोलाचा वाटतो. इतका वेळ चोराला कुणी देत नाही. तिजोरी वेळ विकते, अभेद्यपणा विकत नाही. प्रामाणिक तिजोरीवाले हे कबूल करत.

पण कुलपाहून मोठी ताकद असते ती त्यावरच्या विश्वासाची. पॅरिसच्या तेरेज अम्बेर या बाईने एका अमेरिकन धनाढ्याच्या दहा कोटी फ्रँकच्या वारशाची कथा रचली. रोखे तिजोरीत मोहोरबंद आहेत, कोर्टाचा वाद मिटेपर्यंत उघडता येत नाही, एवढ्या भांडवलावर वीसेक वर्षं सावकारांकडून पैसा उचलला. मे 1902 मध्ये तिजोरी उघडली. आत एक वीट आणि इंग्रजी अर्ध्या पेनीचं नाणं निघाल्याची गोष्ट जगभर झाली. कुलूप उत्तम होतं, त्याने आपलं काम चोख केलं!

म्हणूनच किल्ल्या वाटून देण्याची पद्धत आली. आपल्याकडे ती परकी नाही. सरकारी कोषागारात मुद्रांक आणि मौल्यवान वस्तू दुहेरी कुलपात असतात, एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. मतदान झाल्यावर यंत्रं ठेवलेल्या खोलीलाही तशीच दोन कुलपं. बँकेच्या लॉकरला एक किल्ली तुमची, एक बँकेची. दोघांपैकी एकटा कुणीच चोर होऊ शकत नाही, यात सगळी मेख. सावकारी पेढीवरही मालक आणि दिवाणजी यांच्यात विश्वासाची अशीच वाटणी चाले, फक्त तिचा कागद नसे.

या पद्धतीचा शत्रू चोर नाही, विसर आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडारातल्या आतल्या दालनाच्या किल्ल्या सापडत नाहीत, असं 2018 मध्ये उघड झालं. 14 जुलै 2024 रोजी दालन उघडायला गेले, तेव्हा हाती असलेल्या किल्ल्या लागल्या नाहीत. शेवटी दंडाधिकाऱ्यांसमक्ष कुलपं तोडावी लागली. एवढ्या मोठ्या देवस्थानात हे घडतं, तर मालगुजारी 1951 साली संपल्यावर वाटण्या होऊन पांगलेल्या वाड्यांचं काय बोलावं. तिजोरी थोरल्याकडे, जुडगा धाकट्याकडे आणि अक्षरांची जुळणी आजोबांबरोबर घाटावर गेलेली.

खरी फ्रेंच पेटी आपल्या भागात क्वचितच भेटायची. पेढीवर दिसते ती बहुधा इंग्रजी किंवा गोदरेजची. वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली आणि लवकरच तिजोऱ्यांना हात घातला. टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देणारे ते हेच गोदरेज. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं, तेव्हाच्या आगीत आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिल्याचं ही कंपनी आजही अभिमानाने सांगते. घराणं कुठलंही असो, उघडण्याचं शास्त्र एकच.

आणि ते शास्त्र हाताआधी कानाचं आणि डोळ्याचं आहे. आधी दारावरची पितळी पट्टी वाचायची : करणाऱ्याचं नाव, प्रदर्शनातली पदकं, अनुक्रमांक. तोच क्रमांक किल्लीच्या दांडीवर कोरलेला सापडला की अर्धं काम झालं. बटणं असतील तर सावकाश फिरवायची. जुळणीचं अक्षर बहुधा घरातल्या नावातलं किंवा पेढीच्या आद्याक्षरांतलं असतं, माणसं फार लांब जात नाहीत. कुलपात तेल ओतायचं नाही, शंभर वर्षांची धूळ त्यात कालवली की लिव्हर, म्हणजे आतल्या पट्ट्या, चिकटून बसतात. कारागीर त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड फुंकतात. विदर्भात रस्त्याकडेला जुडगे टांगून बसणारे शिकलगार कोऱ्या चावीला काजळी धरतात, कुलपात फिरवून खूण उमटेल तिथे कानस मारतात. साध्या कुलपाला ही विद्या पुरते. अनेक लिव्हरच्या फ्रेंच कुलपाला ती पुरत नाही, तिथे तिजोरीचाच माहीतगार हवा. तो नेमक्या जागी एक बारीक भोक पाडतो, पेटी उघडल्यावर ते बुजवतो आणि पेटी पुन्हा कामाला लागते.

गॅस कटरवाला मात्र शेवटी बोलवावा, किंवा बोलवूच नये. जुन्या पेट्यांच्या भिंतींत तुरटी, भुसा, वाळू असं भरताड असतं. आगीत तुरटीतलं पाणी वाफ होऊन आतला गारवा टिकावा म्हणून. काहींत ॲस्बेस्टॉसही असतो, जो कापताना श्वासावाटे जाणं घातक. शिवाय कटरची ज्योत आतल्या सातबाऱ्याला आणि गहाणखताला ओळखत नाही.

बँकेच्या लॉकरसाठी रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2021 च्या निर्देशांत लिहून ठेवलं आहे की बँकेला लॉकर फोडायची वेळ आली तर बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर हवेत आणि चित्रीकरण व्हावं. घरच्या तिजोरीला असा नियम नाही, पण भाऊबंदकीत पेटी उघडायची असेल तर हाच नियम उसना घ्यावा. सगळे वारस समोर, फोनवर चित्रीकरण, निघालेल्या वस्तूंची यादी आणि खाली सह्या.

तुमसर असो की पवनी, ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी येत्या धनत्रयोदशीला एवढं करावं. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसवावं, एकेक किल्ली त्यांच्या हातात देऊन कुठली कशाची ते विचारावं, प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधावी आणि जुळणीची अक्षरं एकाहून अधिक जणांना सांगून ठेवावीत. पेटी उघडत नसेल तर किलोच्या भावाने भंगारात घालण्याआधी तिच्या दारावरची पट्टी तरी वाचून घ्यावी.