पाच दिवसांच्या एफडीपीचा हिशेब

देशातल्या उच्च शिक्षणात १५.९८ लाख शिक्षक आहेत. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा, म्हणजे ‘आयशे’चा, हा २०२१-२२चा आकडा. त्याच वर्षी विद्यार्थी ४.३३ कोटी होते, विद्यापीठे १,१६८ आणि महाविद्यालये ४५,४७३. त्यांपैकी ४,६९२ महाराष्ट्रात. आता याशेजारी दुसरा आकडा ठेवू. ५ सप्टेंबर २०२३ला, शिक्षक दिनी, केंद्र सरकारने मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. उद्दिष्ट १५ लाख शिक्षकांचे, केंद्रे १११. विषय आठ, त्यांतला एक माहिती-तंत्रज्ञानाचा. थोडक्यात, देशातला जवळजवळ प्रत्येक प्राध्यापक पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसवायचा आहे.

भागाकार केला तर दर केंद्रामागे साधारण १३,५०० शिक्षक येतात. काम तीन वर्षांत उरकायचे असे धरू. मुदतीचे हे गृहीतक माझे, पण त्याशिवाय हिशेब पुढे जात नाही. मग एका केंद्राला वर्षाला ४,५०० शिक्षक शिकवावे लागतील. तुकडी शंभराची आणि कार्यक्रम दोन आठवड्यांचा धरला, तर वर्षाला ४५ तुकड्या, म्हणजे ९० आठवडे. वर्षात आठवडे ५२. दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी न घेता प्रत्येक केंद्राने कायम दोन तुकड्या समांतर चालवल्या, तरच हे गणित कसेबसे बसते. त्यात शंभर जणांना एकेक संगणक देईल अशी लॅब किती केंद्रांकडे असेल? तीस-चाळीस यंत्रांची लॅब म्हणजे आपल्याकडे चांगली लॅब. त्यामुळे कार्यक्रम ऑनलाइन जातो, आणि तुकडी शंभरावरून कितीही वाढवता येते.

ऑनलाइनचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या प्राध्यापिकेला घरदार सोडून तीन आठवडे परगावी राहावे लागत नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर शिक्षक-प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, त्यांची संख्या पुढे ६६वर गेली. मुंबई, पुणे, नागपूर, तेव्हाचे औरंगाबाद आणि गोवा विद्यापीठात ती होती. त्या काळात ओरिएंटेशनला जायचे म्हणजे बॅग भरून जायचे. २०१५मध्ये त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले, आता मालवीय केंद्र. पाटी दोनदा बदलली. आत काय चालते, ते मात्र तासांच्या हिशेबात पाहिले पाहिजे.

एक नेहमीची एफडीपी, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, घ्या. पाच दिवस, रोज तीन सत्रे, सत्र दीड तासाचे. एकूण साडेबावीस तास. त्यातून उद्घाटन, प्राचार्यांचे मनोगत, प्रत्येक रिसोर्स पर्सनचा परिचय, आभार आणि समारोप वजा करा. विषय ‘मूडल’ या शिक्षण-प्रणालीचा आहे असे समजू. तज्ज्ञ स्क्रीन शेअर करतात, कोर्स उघडतात, प्रश्नपेढीत पाच प्रश्न भरतात, चाचणी तयार करून दाखवतात. हात सराईत असल्यामुळे हे सारे वीस मिनिटांत उरकते. समोर अडीचशे नावे, कॅमेरे बंद. निम्मे लोक मोबाइलवर. स्टाफरूममध्ये बसलेल्या एखाद्या मॅडमना स्क्रीनवरचा मेनू वाचता येत नाही, आणि आला तरी उपयोग नसतो, कारण त्यांच्याकडे मूडलचे लॉगिनच नाही. चॅटमध्ये ‘सर, आवाज येत नाही’, ‘पीपीटी मिळेल का’ आणि शेवटी ‘फीडबॅकची लिंक टाका’. ही लिंक ठराविक वेळच उघडी असते, म्हणून तिच्यावर सर्वांचे लक्ष असते. ती भरली की हजेरी लागते आणि यथावकाश प्रमाणपत्र मेलवर येते.

यात मूडल कोणी शिकले का? याचे उत्तर संशोधनाच्या आकड्यांत शोधता येते. हे संशोधन अमेरिकेतले आणि शालेय शिक्षकांवरचे आहे, एवढे आधी सांगतो. क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरचे १,३००हून अधिक अभ्यास चाळले. काटेकोर निकषांत बसले फक्त नऊ. ज्या प्रशिक्षणांत एकूण वेळ ५ ते १४ तास होता, त्यांचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही; त्याहून जास्त वेळ दिलेल्यांचा दिसला. आपली साडेबावीस तासांची एफडीपी ही रेषा कागदावर सहज ओलांडते. अडचण त्या तासांत काय भरले आहे याची आहे.

त्यासाठी ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांचा तक्ता पाहावा. त्यांच्या अंदाजानुसार नुसती तात्त्विक मांडणी ऐकून वर्गात प्रत्यक्ष वापर करणारे शिक्षक शून्य टक्के. प्रात्यक्षिक पाहिले तर विषय समजणारे ३० टक्क्यांपर्यंत वाढतात, पण वर्गातला वापर शून्यावरच राहतो. स्वतः सराव केला तर ६० टक्क्यांना कौशल्य येते, वर्गात मात्र ५ टक्केच वापरतात. नंतर सहकाऱ्याची सोबत, शंकानिरसन, पाठपुरावा मिळाला, तर वापर ९५ टक्क्यांवर जातो. हे आकडे फार गोल आहेत, काटेतोल मोजमाप म्हणून मी ते घेत नाही. पण त्यांची दिशा आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. आपली बहुतेक एफडीपी या तक्त्याच्या दुसऱ्या पायरीवर संपते.

मग पाचच दिवस का? मूडल शिकायला पाच सलग दिवस लागतात असे कोणत्याही शिक्षणशास्त्राने सांगितलेले नाही. हा आकडा बढतीच्या नियमातून येतो. यूजीसीच्या १८ जुलै २०१८च्या नियमावलीत ‘कॅस’खाली, म्हणजे बढतीच्या करिअर अॅडव्हान्समेंट स्कीमखाली, वरच्या श्रेणीत जाण्यासाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर किंवा ठराविक मुदतीच्या कार्यशाळांची अट आहे, आणि त्यात किमान एक आठवडा म्हणजे पाच दिवस असे माप दिलेले आहे. काही टप्प्यांवर दोन आठवडे, म्हणजे दहा दिवस. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन लेव्हल १०ला ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, लेव्हल ११ला ६८,९०० पासून, लेव्हल १२ला ७९,८०० पासून. सहयोगी प्राध्यापकाची लेव्हल १३-ए सुरू होते १,३१,४०० रुपयांपासून. मधल्या वेतनवाढी धरल्या तर प्रत्यक्ष उडी यापेक्षा लहान असते, पण एका प्रमाणपत्राअभावी प्लेसमेंट अडणे कोणालाच परवडत नाही. नॅकच्या अहवालातही किती टक्के शिक्षकांनी असे कार्यक्रम केले, ते भरावे लागते. म्हणून महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा (आयक्यूएसी) समन्वयकही प्रमाणपत्रेच गोळा करतो. माणसे जे मोजले जाते ते करतात. त्यात प्राध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही.

वेगळा प्रयोग आपल्याच मुंबईत झालेला आहे. २००९मध्ये माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे (आयसीटी) शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान आले आणि त्याच्या आधाराने आयआयटी मुंबईने, प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने, एकाच वेळी हजारभर आणि पुढे त्याहून जास्त शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या. ‘ट्रेन टेन थाउजंड टीचर्स’ हे त्याचे नाव. व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित व्हायचे, पण शिक्षक घरी बसून पाहत नसत. ते जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या दूरस्थ केंद्रावर जमत. तिथल्या समन्वयकाला आधी पवईत तयार केलेले असे, आणि प्रात्यक्षिके त्याच लॅबमध्ये त्याच्या देखरेखीखाली होत. आयआयटी मुंबईचाच ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा उपक्रमही पाहण्यासारखा आहे. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, अर्ध्या पडद्यावर तो आणि अर्ध्यावर खरे सॉफ्टवेअर. थांबवायचे, करून पाहायचे, चुकले तर मागे जायचे. पायथॉन, लाटेक, लिब्रेऑफिस असे विषय, मराठीतूनही. शिकणाऱ्याचे हात रिकामे राहत नाहीत, एवढेच या दोन्ही ठिकाणचे गुपित आहे.

आता ज्यांना या गणितात जागाच नाही, त्यांच्याकडे वळू. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे शिक्षक वर्ग सांभाळतात. कॅस त्यांना लागू नाही, त्यामुळे प्रमाणपत्राची ओढही नाही आणि रजा-फीची सोयही नाही. दुसरा गट त्याहून मोठा. ‘आयशे’नुसार देशात शिक्षकेतर कर्मचारी सुमारे १२ लाख आहेत. म्हणजे दर चार शिक्षकांमागे तीन. प्रवेशाचे पोर्टल, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, विद्यार्थ्यांचे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते, सगळे कार्यालयातल्या क्लार्कच्या टेबलावर येते. एमएस-सीआयटी २००१पासून आहे आणि सरकारी नोकरीत ती बहुतेकांनी केली, पण ती संगणकाची सर्वसाधारण तोंडओळख. नवे पोर्टल आले की शेजारच्या कॉलेजातल्या ओळखीच्या क्लार्कला फोन लावणे हेच प्रशिक्षण. जॉइस आणि शॉवर्स यांनी ज्या सहकाऱ्याच्या सोबतीला ९५ टक्के दिले, ती मात्र इथे कोणी न नेमता चालू असते. तिला ना वेळ मिळतो, ना नोंद.

माझ्या मते साडेबावीस तास पुरेसे आहेत, फक्त त्यांची वाटणी चुकली आहे. सहा तास व्याख्यान व प्रात्यक्षिक, दहा तास वीस-वीस जणांच्या तुकडीत स्वतःच्या कोर्सवर काम, आणि उरलेले साडेसहा तास पुढच्या सत्रभर, दर पंधरा दिवसांनी तासभर, जिथे अडले तिथे मदत. लॉगिन पहिल्या दिवशी हातात हवे, आणि तेही त्याच महाविद्यालयाच्या सर्व्हरचे. पहिल्या तुकडीत दोन क्लार्क आणि एक लॅब असिस्टंट बसवा. पोर्टल पुन्हा बदलेल तेव्हा फोन त्यांना येईल.

यूजीसी आणि नॅक यांच्याकडे मागणी एवढीच आहे: ‘किती शिक्षकांनी एफडीपी केली’ या रकान्याशेजारी ‘त्यांपैकी किती जणांनी शिकलेले साधन पुढच्या सत्रात वर्गात वापरले’ असा एक रकाना वाढवा, आणि गुण त्या दुसऱ्या रकान्याला द्या.