जिथे प्रतिजैविके थकतात

ज्या बालकाच्या कपाळाचा मुका घेतल्यावर ओठांना खारट चव लागते त्याचे आयुष्य अल्प असते, अशी एक समजूत युरोपात फार पूर्वीपासून होती. ती सर्वस्वी निराधार नव्हती. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्माघाताने रुग्णालयात आणलेल्या मुलांमध्ये ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक विकाराची मुले विशेष आढळली. त्यांच्या घामात मिठाचे प्रमाण फाजील असते, हे १९५३ मध्ये सिद्ध झाले. आजही या रोगाचे निदान प्रामुख्याने घामाच्या तपासणीनेच होते.

या विकाराचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. ते १९८९ मध्ये सापडले. पेशींतून क्षाराची ने-आण करणारे द्वार या जनुकाच्या आज्ञेने घडते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक ठरते. म्हणून आईवडील धडधाकट असूनही त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक राहते. युरोपीय वंशाच्या लोकांत याचे प्रमाण अधिक. भारतात हा रोग नाहीच, असे दीर्घकाळ मानले गेले. वस्तुतः तो येथेही आहे. पण पुष्कळदा क्षय किंवा दमा समजून त्यावर उपचार होत राहतात.

कफाच्या आश्रयाने

निरोगी फुप्फुसांत श्वासनलिकांवर पातळ ओलावा असतो आणि श्वासाबरोबर आलेले जंतू त्याच्याबरोबर सतत बाहेर ढकलले जातात. या रुग्णांत क्षाराचे द्वार बिघडल्याने तो ओलावा आटतो आणि कफ गोंदासारखा चिकट होतो. झाडलोट बंद पडलेल्या वखारीत उंदीरघुशींनी ठाण मांडावे, तसे जंतू तेथे मुक्काम करतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस आणि वाढत्या वयात स्यूडोमोनास एरुजिनोसा हे त्यांतील प्रमुख होत.

स्यूडोमोनास एकदा स्थिरावला की स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतो. त्या आवरणाआड जंतूंची वसाहत संथपणे जगते आणि औषध आतपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. जे जंतू मरतात ते दुबळे असतात. जे उरतात त्यांचा वंश पुढे चालतो. वर्षांमागून वर्षे, एकामागून एक प्रतिजैविक द्यावे लागते आणि प्रत्येक खेपेस उरलेले जंतू अधिक निर्ढावतात. फवाऱ्याने थेट फुप्फुसांत सोडायच्या टोब्रामायसिनला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाल्यावर पुष्कळांना दिलासा मिळाला. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून मागे पडलेले कोलिस्टिन हे १९४९ मधील औषधही पुन्हा कपाटातून काढावे लागले. नवी प्रतिजैविके मात्र त्या वेगाने येत नाहीत.

या संसर्गाने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली. हे जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात, हे लक्षात आल्यावर अशा मुलांची एकत्र शिबिरे बंद करण्यात आली. दोन रुग्णांनी परस्परांपासून किमान सहा फूट दूर राहावे, असा दंडक अमेरिकेत आहे. ज्यांना एकमेकांचे दुःख सर्वांत चांगले कळावे, त्यांनीच एकमेकांजवळ बसावयाचे नाही!

लंडनमधील एक मुलगी

या जंतूंमध्ये मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस विशेष चिवट. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद बहुतेक प्रतिजैविकांना जन्मतःच दाद देत नाही. तीन-चार औषधे एकत्र, महिनोन्‌महिने देऊनही यशाची खात्री नसते. त्याचे काही वाण खंडोखंडीच्या रुग्णांत पसरले आहेत, असे २०१६ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवून दिले.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २०१७ मध्ये अशाच एका पंधरा वर्षांच्या मुलीवर दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण झाले. परंतु शरीराने नवी फुप्फुसे नाकारू नयेत म्हणून दिलेल्या औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दबली आणि जुना जंतू उफाळून आला. छातीवरील जखम भरेना, त्वचेवर गाठी उठल्या, यकृतापर्यंत संसर्ग पोहोचला. प्रतिजैविकांचे दुष्परिणाम तिला सोसेनात. तेव्हा तिच्या आईनेच एका निराळ्या उपायाची विचारणा केली: जिवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजेच ‘फेज’.

ही कल्पना नवी नव्हती. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे, अशी नोंद आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्येच केली होती. १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी या अदृश्य भक्षकांना नाव दिले. पुढे प्रतिजैविके आली आणि पश्चिमेकडे हा मार्ग विस्मृतीत गेला. जॉर्जियातील तिबिलिसी येथे मात्र तो चालू राहिला.

लंडनच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे जंतूचे नमुने धाडले. त्यांच्या संग्रहात विद्यार्थ्यांनी माती-कचऱ्यातून वेचलेले हजारो फेज होते. त्यांतून उपयोगी पडले अवघे तीन. एक दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे सडक्या वांग्याखाली सापडलेला. उरलेले दोन जनुकीय फेरफार करून समर्थ केलेले. दुसऱ्या एका रुग्णाचाही नमुना त्यांच्याकडे आला होता. त्याच्यासाठी फेज सापडण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला.

जून २०१८ पासून त्या मुलीला दिवसातून दोनदा शिरेवाटे हे फेज देण्यात आले. सहा आठवड्यांत यकृतातील संसर्ग ओसरला, जखम भरत गेली, गाठी हळूहळू विरल्या. २०१९ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तथापि जंतू पूर्ण नाहीसे झाले नव्हते आणि उपचार चालूच ठेवावे लागले.

आशा आणि मर्यादा

एका रुग्णाच्या जंतूवर चालणारा फेज दुसऱ्याच्या जंतूवर चालेलच असे नाही. प्रत्येकासाठी नव्याने शोध घ्यावा लागतो. हॅटफुल यांच्या गटाने पुढे वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील अकरांना स्पष्ट लाभ झाला. काहींच्या शरीराने मात्र फेजलाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार केली. म्हणून हा उपाय अद्याप प्रयोगावस्थेत आहे.

दुसरीकडे, बिघडलेल्या द्वाराचीच दुरुस्ती करणारे तीन औषधांचे मिश्रण अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य झाले. त्याने असंख्य रुग्णांचा कफ पातळ झाला आणि आयुष्य पालटले. पण तेव्हा वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या घरात होती! शिवाय काही जनुकीय दोषांवर ते चालत नाही आणि आधीच मुरलेले जंतू त्याने समूळ जात नाहीत.

म्हणजे प्रतिजैविकांवाचून या रुग्णांचे आजही भागत नाही. आपल्याला सर्दी-पडशातही त्या गोळ्या सहज घ्याव्याशा वाटतात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर त्यांचा काडीचाही उपयोग नसतो. प्रतिजैविके ही समाजाची गंगाजळी आहे. तीत भर क्वचित पडते आणि प्रत्येक अनावश्यक उचल कुणा गरजवंताच्या वाट्याची असते. भारतात १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतील प्रतिजैविकांची विक्री केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि स्वतंत्र नोंदवहीत नोंद करूनच करण्याचा नियम आहे. औषधविक्रीच्या व्यवसायातील कुटुंबांसाठी तो केवळ कागदोपत्री सोपस्कार नव्हे.

आणि एखाद्या घरात मूल वारंवार न्यूमोनियाने आजारी पडत असेल, खात असूनही वजन धरत नसेल, शौच तेलकट होत असेल, घाम फार खारट लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे घामाच्या तपासणीचा विषय अवश्य काढावा. फुप्फुसांत जंतूंनी ठाण मांडण्यापूर्वी रोग ओळखला गेला, तर त्या मुलाच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे वाचतात.