पात्याचा दिवस

पहाटे ५.३०
पाटोद्याच्या या माळावर ऊन चढलं की वारा सुटतो. पवनचक्क्या इथं उगाच उभ्या केल्या नाहीत. आठवड्याचे सहा दिवस मी त्यांच्याच देखभालीवर असतो. आज सुट्टी. भाचा मोटारसायकलवर मागं बसला, हातात उभा धरलेला पीव्हीसीचा पाइप, टोकाला आमचं पातं: कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचं, काडेपेटीएवढं. सडकेवर चाळीसचा वेग धरला.
"मामा, थरथरायलंय!"
फिरवली गाडी.

सकाळी ७
हे पातं आमच्या घरच्या विमानाला मागाहून बसवायचंय. विमान म्हणजे सहा फुटी पंख, थर्माकोलचा गाभा, वर ब्राऊन पेपर आणि फेव्हिकॉल. माणूस बसत नाही, रिमोटवर उडतं. शेजारचे आजोबा दर रविवारी विचारतात, "मुंबईच्या त्या यादवांसारखं बसायचं कधी करायलास?" कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव त्यांनी टीव्हीवर पाहिलेत. त्या विमानाची सरकारदरबारी नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडलं. मी आजोबांना चहा देतो.

पात्याची गरज गेल्या महिन्यात पटली. उतरताना वळणावर भाच्यानं नाक वर ओढलं, डावा पंख एकदम गळाला आणि विमान बांधावरच्या बाभळीत. नंतर नोंदी काढल्या, तर वेग चांगला होता. सरळ उडताना पुरेसा असलेला वेग वळणात पुरत नाही. ४५ अंश कललं की जवळजवळ एकोणीस टक्के जास्त लागतो, ६० अंशाला एक्केचाळीस. पंख रुसतो तो वाऱ्याशी होणाऱ्या कोनावर. त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. आमच्यात नुसतं अँगल. तो फार वाढला की पंखावरून वाहणारी हवा पाठ सोडते. मग वेगाचा काटा काहीही दाखवो. हा कोन सांगायलाच पातं.

सकाळी ९
थरथरण्याचं कारण सापडलं. पात्याची शेपटी जड, पुढं काहीच नाही. जाळ्याला लावतात तसला शिशाचा मणी पुढच्या तारेवर सरकवला, बोटानं फिरवून बघितलं. जिथं सोडावं तिथं थांबतंय. आता त्याला वारा हलवेल, वजन नाही.

सकाळी ११
पंख कापायचा. याच कामाला जीव खालीवर होतो. डाव्या टोकापाशी कार्बनची नळी आत चिकटवली, पंखाच्या पुढं पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे पंखाच्या रुंदीइतकी. पंखाजवळ येताना हवा वर वळते. पातं फार जवळ ठेवलं तर कोन जास्तच फुगवून सांगणार. नळीच्या टोकाला पात्याच्या आसावर गोळीएवढं चुंबक, समोर त्याचा फिरणारा कोन मोजणारी चिप. एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते. आमच्या हाताला तेवढी बारकाई कुठली?

दुपारी १
"भाकरी गार व्हायलीत," आतून तिसरी हाक. रस्त्यावरून ऊसतोडीच्या गाड्या परतताहेत. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला.

दुपारी २.३०
पंखाचा तळ सपाट, म्हणून मोजायला सोपं. पंख टेबलावर, पात्याला पुठ्ठ्याचा कोनमापक. शून्य, पाच, दहा, पंधरा. दहाला साडेअकरा दाखवतंय. चुंबक मध्यावर नव्हतं. परत उकलणं, परत डिंक, परत वाळण्याची वाट. यात दीड तास गेला आणि भाचा झोपला.

उजव्या टोकालाही शिसं भरलं. नाहीतर विमान कायम डावीकडे कलणार.

सायंकाळी ४.३०
भाच्याची सूचना: कोन वाढला की सेन्सरनंच नाक खाली दाबावं. मी नाही म्हणालो. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधे बोईंग ७३७ मॅक्स विमानं पडली, ३४६ माणसं गेली. दोन्ही वेळा एकाच पात्याच्या चुकीच्या आकड्यावर विश्वासून संगणक नाक खाली दाबत राहिला. आमचं पातं फक्त टिंटिं करील, दांडीला हात लावणार नाही.

सायंकाळी ६
वारा पडला. ज्वारीच्या काढलेल्या रानातून धसकटं चुकवत विमान सुटलं. खूप उंच नेलं, मोटर बंद, नाक हळूहळू वर. भाचा आकडे वाचतोय: अकरा, तेरा, चौदा, पंधरा, आणि डावा पंख गळाला. सावरलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा पंधराच्या आसपास. पातं थोडं जास्त सांगत असेल, असू दे. आम्हाला त्याच्या भाषेतला आकडा हवा होता. गजर बारावर लावला.

मग उतरण्याचं वळण, बाभळीच्या अंगानं. रिमोट टिंटिं करायला लागला. भाच्यानं दांडी जराशी पुढं सोडली, आवाज थांबला, विमान वळून सरळ आलं आणि टेकलं. नळी धसकटाला अडकून पातं मोडलं.

"मामा, डबा आहे का अजून?"
आजोबांच्या पोत्यात भंगारचे दहाएक असतील.