उरलेल्या वस्तूंचा कंदील

वैशाख पौर्णिमा बहुधा उन्हाळी सुटीत येते. त्या दिवशी आपले वसतिगृह रिकामे असते. मुले आपापल्या घरी गेलेली असतात. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच्या पालकसभेत आम्ही दरवर्षी एक विनंती करीत आलो आहोत: पहिली ते तिसरीच्या मुलांना पौर्णिमेची सजावट घरी स्वतःच्या हातांनी करू द्यावी आणि तीसाठी बाजारातून काही आणू नये. घरात जे उरले असेल त्यातूनच ती व्हावी.

अशाच एका सभेत लोणी परिसरातील एक आजी उठून उभ्या राहिल्या. "गुरुजी, दुसऱ्यानं टाकलेलं वापरायचं आम्ही बाबासाहेबांमुळं सोडलं. आता शाळाच पोरांना टाकाऊ गोळा करायला सांगती व्हय?" त्या वेळी आम्हांला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या आजींना उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि सुटीत मुलांजवळ बसू इच्छिणाऱ्या पालकांसाठी काही कृतीही त्यात दिल्या आहेत.

आजींचे म्हणणे खोटे नव्हते. प्रेतावरचे वस्त्र आणि शिळेपाके तुकडे हा एके काळी आपल्या वाडवडिलांचा 'हक्क' म्हणवला जाई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्ट्या तुकड्यांचा आणि मेलेल्या जनावराच्या मांसाचा त्याग करण्यास सांगितले, ते या लाचारीतून समाजाला सोडविण्यासाठी. 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शाळाशाळांतून चालणारे वाक्य आपल्या घरात वेगळे ऐकू येते, ते यामुळेच.

परंतु याच प्रश्नाची दुसरी बाजू विनयपिटकात आहे. उकिरड्यावरील वा स्मशानातील चिंध्या धुऊन, शिवून केलेल्या चीवरास पांसुकूल म्हणत. असेच चीवर सर्व भिक्षूंनी जन्मभर वापरावे, अशी सक्ती करण्याची मागणी देवदत्ताने केली, तेव्हा भगवान बुद्धांनी ती नाकारली. ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल धारण करावे. ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारावे. वस्त्र तेच असते. सक्तीने अंगावर पडले तर अपमान होतो, आणि स्वेच्छेने, धुऊन, शिवून घेतले तर साधना होते. आजींचा आक्षेप सक्तीला होता, आणि तो आम्हांला मान्य आहे.

त्यानंतर आम्ही आमची सूचना बदलली. 'टाकाऊ' हा शब्द सोडून दिला आणि तीन नियम ठरविले. वस्तू स्वतःच्याच घरातील असावी. रस्त्यावरून वा उकिरड्यावरून मुलाने काहीही उचलू नये. ती धुतलेली आणि वाळवलेली असावी. आणि कोणती वस्तू घ्यायची, ते मुलाने ठरवावे.

आपला भाग शेतीचा असल्याने एक इशारा आवश्यक आहे. कीटकनाशकांच्या आणि तणनाशकांच्या बाटल्या, डबे वा पिशव्या कितीही धुतल्या तरी मुलांच्या हाती देऊ नयेत. खतांच्या गोण्या, जुने विजेरीचे सेल, औषधांच्या पट्ट्या आणि पत्र्याची धारदार झाकणेही वर्ज्य समजावीत. एवढे वगळूनही पुष्कळ उरते: मागील वर्षाची दिनदर्शिका, लग्नपत्रिका, पुठ्ठ्याची खोकी, रिकाम्या काडेपेट्या, शिवणातील चिंध्या, साडीची किनार, करवंट्या, कणसांची वाळलेली साले. सजावटीसाठी थर्माकोल मात्र कोणी शोधू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे.

चिकटविण्यासाठी घरची खळ पुरते. दोन चमचे गव्हाचे पीठ वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावे आणि मंद आचेवर सतत ढवळत दाट करावे. चुलीजवळचे काम मोठ्यांनी करावे. पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत कदापि घालू नये. ही खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीथोडीच करावी.

कंदील : दिनदर्शिकेचे पान आडवे धरून लांब कड लांब कडेवर येईल असे मध्यावर दुमडावे. दुमडीकडून मोकळ्या कडांच्या दिशेने बोटाबोटाच्या अंतरावर काप द्यावेत. प्रत्येक काप कडेच्या दोन बोटे अलीकडे थांबवावा. पान उलगडून आखूड कडा एकमेकींवर चिकटविल्या की कमरेशी फुगलेला कंदील तयार होतो. वर कागदाची पट्टी लावून तो टांगावा. आत पणती वा मेणबत्ती ठेवू नये. श्रीलंकेतही वैशाख पौर्णिमेला घरोघरी बांबूच्या कामट्यांचे कागदी कंदील लावतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या मदतीने कामट्यांचा सांगाडा बांधता येतो. जुन्नरच्या लेण्यांतील एका दानलेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. तेव्हा या कामाला आपल्या परिसरात जुनी प्रतिष्ठा आहे, हेही मुलांना सांगावे.

पताका : पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे रंग चिंध्यांतून शोधणे हाच लहानांचा आवडता खेळ असतो. निळा रंग जुन्या गणवेशात सापडतो, पांढरा आजोबांच्या धोतरात. पिवळा न मिळाल्यास पांढरे कापड हळदीच्या पाण्यात उकळावे. केशरीसाठी वसंतात वाळवून ठेवलेली पळसाची फुले वापरावीत.

बोधिपत्र : गळून पडलेले पिंपळाचे अखंड पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजत ठेवावे आणि पाणी अधूनमधून बदलावे. गर कुजला की जुन्या दातब्रशाने हलकेच घासावा. मागे केवळ शिरांची जाळी राहते. याला धीर लागतो, म्हणून सुटीच्या पहिल्याच दिवशी पान भिजत घालावे.

चार-पाच वर्षांच्या मुलाने फाडावे आणि चिकटवावे. सहा-सात वर्षांच्या मुलाने बोथट टोकाच्या कात्रीने कापावे. आठव्या वर्षी गाठ मारता येते. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. एका वर्षी आम्ही या वस्तूंचे प्रदर्शन भरविले आणि क्रमांक काढले. ती आमची चूक होती. पालकांनी बाजारातून चमकी आणि सोनेरी कागद आणून वस्तू स्वतःच घडविल्या. एका मुलाने मात्र आपला वाकडा कंदील खरोखर स्वतः केला होता. तो त्याने दप्तरात लपवून ठेवला. तेव्हापासून आम्ही क्रमांक काढीत नाही. मुलाने विचारल्याखेरीज त्याच्या हातातली वस्तू सरळ करू नये, एवढीच आता आमची पालकांना विनंती असते.

घरातील साध्या वस्तूंतून मुले किती शिकू शकतात, हे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे दाखवून दिले. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेल्या या अभियंत्याने काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पौर्णिमा झाल्यावर काय करावे, असे मुले विचारतात. त्यांना आनंद आणि उदयन राजा यांची कथा सांगावी. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली, तेव्हा एवढ्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना ती देऊ, असे आनंद म्हणाले. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. मग जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी; आणि अखेरीस त्यांचा चिखलात कालवून गिलावा. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

पताकेच्या चिंध्या पुन्हा वाकळेत जाव्यात, कंदिलाचा कागद खतात. आजींचा नातू पुढील सुटीनंतर शाळेत परतला, तेव्हा त्याने निळ्या-पांढऱ्या पताकांची एक माळ बरोबर आणली होती. निळे कापड कोणते, असे आम्ही विचारले. "आजीच्या लुगड्याचं," तो म्हणाला, "तिनंच काढून दिलं."