लांडगा दूर, अळी उसाच्या पानावर

एखादा भक्षक परत आणला की परिसंस्था कशी बदलते, हे शिकवताना आपण विद्यार्थ्यांना थेट अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात नेतो. १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे, घटलेले एल्क हरणांचे कळप, पुन्हा फुटलेली विलोची झुडपे. उदाहरण उत्तम आहे. परंतु या बदलात लांडग्यांचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही आणि आपल्या विद्यार्थ्याला ते पडताळताही येत नाही. उसाच्या पानाचे तसे नाही.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्र-कर्नाटकातील ऊसपट्ट्यात पसरला. पानांच्या खालच्या बाजूस पांढरा थर, त्यातून खालच्या पानांवर ठिबकणारा चिकट स्राव आणि त्यावर माजलेली काळी बुरशी. उंच वाढलेल्या उसात फवारणी नीट पोहोचत नसे. पोहोचे तेथे मित्रकीटकही मरत. बंगळुरूचे तत्कालीन जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय (आजचे राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो) आणि कृषी विद्यापीठे यांनी डिफा, म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचा ‘कोनोबाथ्रा’, व मायक्रोमस या भक्षक कीटकांवर भर दिला. हेक्टरी १००० डिफाच्या किंवा २५०० मायक्रोमसच्या अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस होती.

हा धडा शेतातच शिकवावा. ठरावीक पानांवर खूण करून दर आठवड्यास भिंगाने मावा व अळ्या मोजाव्यात. भक्षकाची संख्या भक्ष्याच्या मागून वाढते. त्यामुळे सुरुवातीचा आलेख निराश करतो आणि ‘सर, फवारायचे का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. नवी पाने काळ्या बुरशीविना निघतात का, हेही नोंदवावे. भक्षकाचा परिणाम माव्यापाशी थांबत नाही. तो पानावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापर्यंत पोहोचतो. तुलनेसाठी अळ्या न सोडलेला एक तुकडा हवाच, पण तो दूर असावा. डिफाचे पतंग बांध ओळखत नाहीत.

पुढे मावा संपत आला की अळ्याही दिसेनाशा होतात. प्रयोग फसला असे समजून विद्यार्थी तेथेच वही मिटू पाहतात. त्यांना आणखी दोन आठवडे मोजायला लावावे.